वनवासातल्या राणीची चाल

पौष उजाडला, तुरीच्या शेंगा भरल्या आणि कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाचा भोंगा पहाटे कोकलायला लागला, की मला आपोआप धक्के बसू लागतात. कारण लागत नाही. दह्यात कापसाचा तंतू निघतो, तुळशीवर कापूस बसतो, झोपलेल्या माणसाच्या मिशीत कापूस अडकतो. या दिवसांत जळगावात कापूस असा उडतो की आमच्या शेजारची काळी म्हैस पांढरी होते, आणि गवळी तिला न ओळखून दुसऱ्याच्याच गोठ्यात जाऊन धार काढून येतो. माझं बोलणं अर्धं सोडून द्यावं, असं आमच्या घरात माझ्या लग्नापासून ठरलेलं आहे. सोडा बापडे. फक्त कुठलं अर्धं सोडायचं ते जपून ठरवा. जे पटत नाही, नेमकं तेच घडलेलं असतं.

काल संध्याकाळी बाजारातून येताना थेटरावरून आले. लढाई संपली तरी रॉकेल मिळत नाही. बाटली घेऊन रांगेत उभं राहून पाय भरून आले होते. थेटरावर बोलपटाची भलीमोठी पाटी होती. त्यात काम करणाऱ्या बायका खऱ्याच बायका असतात म्हणे. असतील. मला त्याचं काही वाटलं नाही. मी पुढे निघाले, तेवढ्यात थेटराच्या मागच्या अंगाला कुणीतरी पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजत होतं, त्याचा वास आला. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा तो चटचटता जाळ, काळ्या पडत जाणाऱ्या साली, आतून सुटणारा गोडसर धुरकट रस. मी रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून टांगेवाला ओरडला, "ओ मावशी, मराले निघनी का काय?" मरायला कशाला निघेन! मी नुसती मागे गेले होते. ज्या वर्षी मी त्या थेटराच्या मागच्या दारातून आत शिरले आणि माझ्या डोळ्यांच्या अशा काही कवड्या झाल्या की त्या अजून मिटायच्या आहेत, त्या वर्षाच्या पौषात.

तेव्हा बाहेरगावच्या माणसाला जळगावात आधी थेटर दाखवायचे, मग सोनाराची पेढी, आणि वेळ उरलाच तर पाणी विचारायचे. कापसाच्या एका व्यापाऱ्याने मुंबईला गोऱ्या लोकांचं गाण्याच्या नाटकांचं घर पाहिलं, आणि परत येऊन जुन्या जिनाच्या जागेवर तसंच उभं केलं. तसंच म्हणजे त्याला आठवलं तसं. मुंबईच्या त्या घरात म्हणे सज्ज्याच्या कडेने पंखवाली गुबगुबीत पोरं चुन्यात काढलेली होती. आमच्या गवंड्याने तसली पोरं कधी पाहिलेली नव्हती. त्याने तालमीतले पैलवान पाहिले होते आणि नदीवरची बदकं पाहिली होती. त्याने दोन्ही जोडली. सज्ज्याभोवती लंगोट कसलेले, मिशा पिळलेले आणि पाठीला बदकाचे पंख फुटलेले जवान असे काही ओळीने उभे राहिले की कुठलं दैवत आहे हे न कळूनही बायका जाता-येता त्यांना हळद-कुंकू लावायच्या. झुंबर तर एवढं मोठं, की ते आणायला मालगाडीला दोन इंजिनं जोडावी लागली. आमचे हे म्हणतात, ते बैलगाडीतून आलं आणि वाटेत गाडीवान त्याच्यावर झोपला होता. असेल. गाडीवानालाही कधीतरी झुंबरावर झोपायला मिळालं, याचा मला आनंदच आहे.

कापूस विकून हातात पैसा खुळखुळला की संगीत नाटकाची कंपनी गावात उतरायची आणि माघापर्यंत हलायची नाही. त्या काळी बाईने नाटकात उभं राहायचं नाही, म्हणून बाईचं काम पुरुषाने करायचं. आणि बाईने कसं असावं, हे बायकांनी त्या पुरुषाकडून शिकायचं. आज लिहिताना माझीच लेखणी थबकते. पण तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. आमच्या त्या कंपनीची नायिका म्हणजे नीळकंठराव. ते एकदा लिंबाच्या रंगाचा शालू नेसले, तर आठ दिवसांत धुळ्या-जळगावातला लिंबू रंग संपला आणि रंगाऱ्यांची बोटं संक्रांतीपर्यंत पिवळी राहिली. ते मान कलती करून गायचे, तर गावातल्या साऱ्या सुनांच्या माना कलल्या. आणि चालायचे तर काय! खाली अंडी पसरली आहेत आणि एकही फुटता कामा नये, अशी ती चाल. एक पाऊल, मग विचार, मग अर्धं पाऊल. आमच्या आळीतल्या सुना विहिरीवर तशा चालत जाऊ लागल्या. सकाळी पाण्याला गेलेली सून दुपारी परतायची आणि सासू कौतुकाने म्हणायची, "उशीर झाला, पण चाल पाहिलीत का?"

या साऱ्या अंड्यांवरून एकटी माझी नणंद बिनधास्त तुडवत जायची.

तारा तिचं नाव. प्लेगच्या धास्तीने तिला लहानपणीच नशिराबादला मामाकडे ठेवलं होतं, ती उपवर झाल्यावरच परत आली. मामाकडे गोठा मोठा. तारा तिथे बैलांच्या मागे चालायला शिकली, आणि बैलांना अर्ध्या पावलाचा विचार मान्य नसतो. पदर कमरेला खोचलेला, मान ताठ, पाऊल असं टाकायची की जमिनीलाही कळावं, कुणीतरी आलं. ती माजघरातून ओसरीवर आली की फळीवरची भांडी किणकिणायची. माझ्या सासूबाई, ज्यांना सारी आळी अक्का म्हणायची, कपाळावर हात मारून घ्यायच्या. "अगो, पाणी आणायला निघालीस की दरोडा घालायला?"

हसण्यासारखं होतं, पण घरात कुणी हसत नव्हतं. स्थळं यायची, पोहे खायची, "चालून दाखव बाळ" म्हणायची आणि निरोप न देताच निघून जायची. शिंदखेड्याच्या मंडळींनी तर जाताना आमच्या टांगेवाल्याला सांगितलं, मुलगी चांगली आहे, पण घर जुनं आहे आमचं, भिंती सोसायच्या नाहीत. टांगेवाल्याने ते गावभर केलं. तेव्हापासून अक्का रात्री देवापुढे बसून हळू आवाजात रडायच्या, आणि तारा ते ऐकून अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडायची. मला तिच्या श्वासावरून कळायचं.

मग धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा ढोरांचा डॉक्टर. ताराने त्याला पाहिलं नव्हतं, पण ती मला चुलीपाशी म्हणाली, "वहिनी, हेच झालं पाहिजे."

"का हो वन्सं? दिसायला कसा आहे ते तरी कळू द्या."

"दिसू दे कसाही. जो माणूस आजारी बैलाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालतो, तो बायकोच्या तोंडाला भिणार नाही."

एवढी शहाणी मागणी मी दुसऱ्या कुठल्या मुलीच्या तोंडून ऐकलेली नाही. अडचण एकच होती. मुलाची आई, धुळ्याच्या माईसाहेब, नीळकंठरावांवर जीव टाकायच्या. त्यांच्या प्रत्येक नाटकाला त्या धुळ्याहून यायच्या, आणि "माझी सून नीळकंठरावांसारखी चालली पाहिजे" हे त्यांनी मध्यस्थाला स्पष्ट सांगितलं होतं. कित्येक मुली त्यांनी चालीवर नापास केल्या होत्या. पौषात मुलगी दाखवत नाहीत. म्हणून ठरलं ते असं, की रथसप्तमीला कंपनीचा बायकांसाठी दुपारचा खास खेळ आहे, नवं नाटक आहे, त्याला माईसाहेब येतील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताराला पाहतील.

अख्खा पौष अक्कांनी ताराला चालवलं. दोन पायांना धोतराचा पट्टा बांधून चालवलं. डोक्यावर चिंचेची बरणी ठेवून चालवलं. तारा हूं की चूं न करता चालायची. दात आवळून, घाम गाळत, आणि पट्टा सोडला की तिसऱ्या पावलाला पुन्हा भांडी किणकिणायची. शेवटी मी ठरवलं की गंगा जिथे उगम पावते तिथेच न्यावं हिला.

निमित्त मिळालं शालूचं. नव्या नाटकासाठी कंपनी गावातल्या चांगल्या घरांतून शालू, पैठण्या मागून न्यायची, ही तेव्हाची रीतच होती; आणि आपला शालू नायिकेच्या अंगावर आहे हे खेळ चालू असताना शेजारणीच्या कानात सांगणं, हे त्या शालूचं भाडं. माझा लग्नाचा शालू गेला होता. "काठ उसवलाय, खेळाआधी टाका घालून येते," असं अक्कांना सांगून मी ताराला घेऊन भर दुपारी थेटराच्या मागच्या दाराशी गेले. दारात कपडेपट सांभाळणारे बाबूचाचा मशीन चालवत बसले होते. आमच्याच गावचे शिंपी. आळीतल्या साऱ्या लेकी त्यांनी शिवलेल्या परकरांत वाढलेल्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, तारा किती उंच झाली ते हाताने मोजलं आणि आम्हाला आत घेतलं.

"बेटी, संभालके," ते म्हणाले. "उधर हात मत लगाना. स्वर्ग अभी गीला है."

स्वर्ग खरोखरच ओला होता. ढगांवरून निळा रंग ओघळत होता, आणि इंद्राचं सिंहासन उलटं करून त्यावर कुणाचं तरी धोतर वाळत घातलं होतं. मी ज्या राजवाड्याकडे पाहून गेली कित्येक वर्षं हरखत आले होते, त्याची पाठ माझ्यासमोर होती. ती पाठ म्हणजे पोती होती. सरकीची पोती! आमचे हे ज्या जिनात कारकून होते, त्या जिनाचा शिक्का राजाच्या अंतःपुरावर उलटा उमटलेला होता. पाऊस म्हणजे चाळणीत हलवायची तुरीची डाळ. ढगांचा गडगडाट म्हणजे टांगलेला पत्रा, आणि तो पत्रा आमच्याच न्हाणीघराच्या छपराचा असावा असा मला अजून संशय आहे. ज्या दुष्ट सेनापतीला पाहून मागच्या वर्षी एका बाईला सभागृहात घेरी आली होती, तो खिडकीशी बसून डोळ्यांत तेल घालून सुईत दोरा ओवत होता. नारदमुनी अंगणात पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होते. दाढी जळू नये म्हणून त्यांनी ती मागे वळवून शेंडीला बांधली होती. सगळीकडे सफेद्याचा, राळेचा, घामाचा आणि भरिताचा असा एक वास, की देवळात शिरलो की स्वयंपाकघरात हे कळू नये.

वस्तूची उलटी बाजू पाहू नये, असं म्हणतात. मी म्हणते, पाहावी. पण बसायला जागा आहे का ते आधी बघून ठेवावं.

कारण तेवढ्यात नीळकंठराव आले. अर्ध्या गालाला साबण, खांद्यावर पंचा, आणि चालत कसे होते? पाठीवर तांदळाचं पोतं घेतलेला हमाल जिना उतरतो तसे. धप्, धप्, धप्. साऱ्या खान्देशच्या सुना ज्यांच्यामुळे दुपारपर्यंत विहिरीवरून परतत नव्हत्या, तो माणूस स्वतः असा चालत होता! मी भिंत समजून राजवाड्याला टेकले आणि राजवाडा मागे सरकला.

त्यांच्या मागून कंपनीचे मालक ओरडत येत होते. "अहो नीळकंठराव, उद्या खेळ आहे! राणी वनवासात गेली आहे. गुरं राखते आहे. गुरं! आणि तुम्ही अजून दिवाणखान्यात पानदान घेऊन फिरल्यासारखे चालता. ते वासरूसुद्धा तुमच्याकडे पाहून जांभया देतं!"

"मग मी काय करू मालक?" नीळकंठराव थकल्या आवाजात म्हणाले. "वीस वर्षं हीच चाल लोकांनी मागितली. आता दुसरी कुठून आणू? माझी स्वतःची चालून दाखवू? पाहिलीत ना ती? लोक म्हणतील, राणीच्या जागी कुली आला."

मला त्या माणसाची एकदम कणव आली. आणि मी त्याच्याकडे त्याची तीच शिळी झालेली चाल मागायला आले होते.

वासरू मात्र खरं होतं. वनवासाच्या प्रवेशासाठी गावातल्याच कुणाकडून आणून त्याला विंगेत बांधलं होतं. बांधणारा बहुधा गंधर्व असावा, शेतकरी नक्कीच नव्हता. कारण मालक ओरडत होते तेवढ्यात दावं सुटलं आणि वासराने समोरचं वन खायला घेतलं. खळ लावलेल्या कागदाच्या वेली, ओल्या रंगाची पानं, सगळं. नारदाने आरोळी ठोकली, "बठ्ठं रान खाई गयं हाई वासरू!" सेनापती सुई टाकून पळाला. मालक पुढे धावले तसं वासरू शेपूट उभारून स्वर्गाकडे निघालं. ओल्या स्वर्गाकडे. बाबूचाचांनी डोळे मिटून घेतले.

आणि माझ्या शेजारून तारा निघाली.

पदर कधी खोचला ते मी पाहिलं नाही. ती धावली नाही. तिने रंगमंच या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता चालून पार केला. मान ताठ, नजर वासरावर, फळ्यांवर एकेक पाऊल असं, की वरचं झुंबर किणकिणलं. ते पाहून वासरूच थांबलं. तिने त्याचा कान धरला, तोंडात बोटं घालून कागदाचा बोळा ओढून काढला, दावं बांधलं आणि मालकांना म्हणाली, "याला गाठ अशी मारतात का?"

नीळकंठराव गालावरचा साबण वाळेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिले. मग पुढे येऊन त्यांनी हात जोडले.

"बाई, पुन्हा एकदा चालून दाखवाल?"

तारा तांबडीलाल झाली. चालून दाखव हे शब्द ऐकून ऐकून ती विटली होती, आणि संतापली की तिच्या तोंडी नशिराबाद यायचं. "मी काय बजारनी गाय शे का, चालीसन दखाडाले?"

"नाही हो. मी थट्टा करत नाही. माझी राणी या वासराबरोबर कशी चालते, ते मला आत्ता कळलं." वाळलेल्या साबणासकट त्यांनी मान लववली, हे मी शपथेवर सांगते. "ही चाल मला द्याल?"

तारा माझ्याकडे वळली. हसणार आहेत की काय, हे ती माझ्या तोंडावर शोधत होती. मग म्हणाली, "द्यायला ती काय अंगावेगळी निघते? घ्या. पण मला तुमची शिकवा. मला उद्या-परवा फार गरज आहे तिची."

असा तो सौदा झाला. त्या दुपारी त्या पोत्यांच्या राजवाड्यामागे मी जे पाहिलं ते कुठल्याही तिकिटात मिळालं नसतं. एक दाढी अर्धी राहिलेला पुरुष माझ्या नणंदेला बाईसारखं चालायला शिकवत होता, आणि माझी नणंद त्या पुरुषाला बाईसारखं चालायला शिकवत होती, आणि दोघांच्या चाली एकमेकींना ओळखही दाखवत नव्हत्या. "टाच आधी नाही, बोटं आधी," ते म्हणायचे. "घाबरू नका, जमीन पळून जात नाही," ती म्हणायची. दिवस कलेपर्यंत तारा अंड्यांवरून चालायला शिकली. एकही फुटलं नाही. मी शालूला टाका न घालताच परत आले.

रथसप्तमीच्या दुपारी थेटर बायकांनी असं भरलं की मुंगीला आत यायचं तर दुसऱ्या मुंगीच्या कडेवर बसून यावं लागलं असतं. दारात हळद-कुंकू, तिळगूळ, अत्तर. वरच्या सज्ज्यात मधोमध माईसाहेब, नाकात नथ, मांडीवर दुर्बीण. मी, अक्का आणि तारा खाली. पहिल्या अंकात राणी महालात होती. नीळकंठराव अंगावर माझा शालू घेऊन नेहमीसारखे तरंगले, बायका नेहमीसारख्या सुस्कारल्या. मग पडदा पडला, उघडला, आणि वन दिसलं. काही वेली खाल्लेल्या होत्या, पण त्यामुळे ते जास्तच खरं वाटत होतं.

राणी आली. पदर खोचलेला. हातात वासराचं दावं. मान ताठ. आणि टाकलं पाऊल.

मी बाकाची कड धरली. आधी माहीत असूनही धरली. अक्कांनी माझा दंड धरला आणि कुजबुजल्या, "मेल्याला आज झालंय काय? आपल्या तारीसारखा चालतोय!" मागे कुणीतरी म्हणालं, "इश्श!" आणखी मागे कुणीतरी बांगड्या वाजवल्या. मग एकदम साऱ्या थेटराला कंठ फुटला. बायका बाकांवर उभ्या राहिल्या. गाण्याला वन्स मोअर मी खूप ऐकले; चालण्याला वन्स मोअर पडलेला जगात तेवढाच. नीळकंठराव वासरू घेऊन आत गेले आणि पुन्हा चालत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. शेवटी वासरू कंटाळून बसलं. अक्काही टाळ्या पिटत होत्या. कुणासारखा चालतो ते त्या केव्हाच विसरल्या होत्या.

तारा एकटी बसून होती. कान लाल, दोन्ही हात मांडीत घट्ट धरलेले.

"वहिनी," ती म्हणाली, "मी अशी दिसते?"

"अशीच."

ती बराच वेळ राणीकडे पाहत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःला लांबून पाहत होती. मग अगदी हळू म्हणाली, "बरी दिसते की."

मला अजूनही कळत नाही, त्या क्षणी मला हसू आलं की रडू. आपण कसे दिसतो हे आरशात कळत नाही, माणसांच्या तोंडावर तर नाहीच नाही. पोरीला ते एका परक्या पुरुषाच्या अंगावर दिसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माईसाहेब आल्या, पोहे झाले, मुलगा खाली मान घालून आमच्या गोठ्याच्या दिशेने चोरून पाहत बसला. अक्कांनी ताराला आत पुन्हा बजावलं होतं, "राण्या चालतील तशा. आपण काय राण्या आहोत? शिकलीस तशी नीट चाल."

तारा आली. बोटं आधी, टाच मग. एक पाऊल, विचार, अर्धं पाऊल. इतकं हुबेहूब, की नीळकंठरावांनी पाहिलं असतं तर पगार वाटून घेतला असता. अक्कांचे डोळे भरून आले. मी माईसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी बशी खाली ठेवली होती.

"मुलगी बरी आहे हो," त्या उसासा टाकून म्हणाल्या. "पण काल राणीची चाल पाहिली आणि डोळ्यांचं पारणं फिटलं. आता या असल्या नाजूक-साजूक चाली नजरेत भरत नाहीत. कुणाच्या घरी अशी राणी असेल, देव जाणे." आणि त्या पदर सावरून उठायला लागल्या.

तारा खोलीच्या मधोमध उभी होती. मी तोंड उघडणार होते. काय म्हणणार होते ते मलाही माहीत नव्हतं. पण तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने मुलाकडे पाहिलं, मग माईसाहेबांकडे.

"पुन्हा चालू का?"

आणि तिने पदर खोचला. अक्का म्हणाल्या, "अगो बाई गो!" आणि डोळ्यांवर हात घेतले. तारा ओसरीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. फळीवरची भांडी किणकिणली. मुलाने मान वर केली ती पुन्हा खाली घातली नाही.

माईसाहेबांचा हात छातीवर गेला. "अगं बाई! एका रात्रीत उचललीस? हुबेहूब! टाच, मान, तो खांदा... अगदी नीळकंठराव!"

"मी त्यांची नाही उचलली," तारा म्हणाली. "त्यांनी माझी उचलली."

मग माईसाहेब अशा हसल्या की नथ हलून हलून ओठाला लागली. "आणि वर विनोदीही आहे पोर! ठरलं हो अक्का, ठरलं."

मी खूप सांगून पाहिलं. बाबूचाचांची शपथ घातली, स्वर्गाची, वासराची. पण माझं अर्धं बोलणं सोडून द्यायचं हे तोवर धुळ्यापर्यंत पोहोचलेलं होतं.

तारा धुळ्याला नांदते आहे. डॉक्टर तिच्या तोंडाला खरंच भीत नाही. घरात कुठल्याही वेळी एखादं लंगडं जनावर पाहुणं असतं आणि दोघं त्याच्या दोन बाजूंना. कंपनी बोलपटांनी बुडवली. नीळकंठराव कुठे आहेत कळत नाही. पण माईसाहेबांनी सुनेची कीर्ती कमी होऊ दिली नाही. हळदीकुंकवाला बायका जमल्या की त्या आत हाक मारतात, "तारा, जरा पाणी आण गं," आणि मग बायकांना कोपराने ढोसून म्हणतात, "बघा हं आता, नीळकंठरावांची नक्कल." तारा पाणी आणते. बायका टाळ्या वाजवतात. आधी आधी ती चिडायची. मग तिने सोडून दिलं. "वाजवू देत," ती म्हणाली. "पूर्वी भांडी वाजायची."

गेल्या रथसप्तमीला मी धुळ्याला होते. माईसाहेब आता पुष्कळ थकल्या आहेत, दुर्बिणीतूनही नीट दिसत नाही. आम्ही ओट्यावर ऊन खात बसलो होतो. ताराची धाकटी मुलगी गोठ्यातून दुधाची चरवी घेऊन निघाली. पदर खोचलेला, मान ताठ, पाऊल असं की ओट्याला कळावं. तिने नाटक कधी पाहिलेलं नाही. नीळकंठराव हे नाव तिने ऐकलं असेल तेवढंच.

माईसाहेबांनी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला आणि ती दारातून आत जाईपर्यंत तिच्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या,

"पाहिलंत? नीळकंठरावांची चाल आमच्या घरात आता रक्तात उतरली."